व्हेक्टर मास्क: कंपायलरच्या कोड जनरेशनमध्ये प्रत्येक प्रोसेसरवर तो नीट कसा उतरवायचा

एकच क्रिया अनेक आकड्यांवर एकदम चालवणारा कोड बनवणारा कंपायलरचा भाग म्हणजे व्हेक्टरायझर. लूपमध्ये ‘जर’ आला की त्याला मास्क लागतो. आठ लेनवर (लेन म्हणजे व्हेक्टरमधली एका आकड्याची जागा) एकदम काम चालू असताना अट तिघींनाच लागू असेल, तर उरलेल्या पाचांना धक्का लागता कामा नये. कोणत्या लेनला अट लागू आहे याची नोंद म्हणजे मास्क. कल्पना साधी आहे, पण ही नोंद प्रत्येक प्रोसेसर वेगळ्या जागी आणि वेगळ्या आकारात ठेवतो. एका टार्गेटवर (ज्या प्रोसेसरसाठी कोड बनवायचा त्यावर) बरोबर चालणारा कोड दुसऱ्यावर चुकतो किंवा कूर्मगतीने चालतो, तो बहुतेकदा इथेच.

या लेखात मास्कचा प्रवास इंटरमीडिएट रिप्रेझेंटेशनपासून (कंपायलरच्या आतल्या मधल्या रूपापासून), म्हणजे आयआरपासून, मशीन कोडपर्यंत क्रमाने पाहू. सगळ्या पायऱ्यांमागे एकच नियम आहे. मास्क हा खऱ्या-खोट्याचा संच आहे, तो आकडा नाही. त्याचे बिट कसे मांडायचे हे शक्य तितक्या उशिरा ठरवा, आणि ठरवताना तो तयार कोण करतो व वापरतो कोण, हे दोन्ही पाहा.

उदाहरणासाठी हा लूप धरू:

जर की[क] > सीमा, तर बाहेर[क] = आत[क]

यात ‘की’ हा ८ बिटांचा अनसाइन्ड ॲरे आहे, ‘आत’ आणि ‘बाहेर’ ३२ बिटांचे. तुलनेची रुंदी एक आणि निवडीची दुसरी, हे मुद्दाम घेतले आहे. खरी अडचण तिथेच असते.

मास्क राहतो कुठे

मांडणीचे चार प्रकार आहेत.

पहिला प्रकार पूर्ण लेनचा. तुलनेचे उत्तर साध्या व्हेक्टर रजिस्टरमध्येच येते, खऱ्या लेनमध्ये सगळे बिट १ आणि खोट्या लेनमध्ये सगळे ०. एक्स८६ (इंटेल-एएमडी) चे एसएसई, एव्हीएक्स, एव्हीएक्स-२, आर्मचे निऑन, पॉवरचे अल्टिव्हेक आणि वेबअसेंब्लीचे १२८-बिट सिमडी (एका इन्स्ट्रक्शनने अनेक आकड्यांवर काम) हे सगळे या घराण्यातले. इथे मास्कला स्वतःची रुंदी असते: ३२-बिट तुलनेचा मास्क ८-बिट लेनना चालत नाही.

दुसरा प्रकार एक्स८६ च्याच एव्हीएक्स-५१२ चा. के-० ते के-७ अशी आठ वेगळी रजिस्टरे आणि प्रत्येक लेनला एक बिट. पायाभूत संचात त्यांचे १६ बिट वापरात येतात, बीडब्ल्यू विस्तार असेल तर ६४. लेनची रुंदी काहीही असली तरी बिटांची मांडणी तीच.

तिसरा प्रकार आर्मच्या एसव्हीईचा. पी-० ते पी-१५ ही सोळा प्रेडिकेट (म्हणजे मास्क ठेवणारी) रजिस्टरे आहेत आणि त्यांत व्हेक्टरच्या प्रत्येक बाइटला एक बिट असतो. म्हणून ३२-बिट लेनच्या वाट्याला चार बिट येतात आणि त्यातला सर्वात खालचा तेवढाच मोजला जातो. व्हेक्टर १२८ ते २०४८ बिटांपर्यंत रुंद असू शकतो आणि प्रेडिकेट नेहमी त्याच्या एक-अष्टमांश.

चौथा प्रकार रिस्क-फाइव्हच्या व्हेक्टर विस्ताराचा, ज्याची १.० आवृत्ती २०२१ मध्ये मंजूर झाली. मास्क साध्याच व्हेक्टर रजिस्टरमध्ये, पण प्रत्येक लेनला एक बिट असा सलग मांडलेला. घटक ८ बिटांचा असो वा ६४, क्रमांक ५ च्या लेनचा बिट पाचव्याच जागी. मात्र कोणत्याही इन्स्ट्रक्शनला मास्क द्यायचा तर तो व्ही-० मध्येच असावा लागतो.

पायरी १: आयआरमध्ये मास्क अपारदर्शक ठेवा

मास्कसाठी वेगळा प्रकार ठेवा: ‘इतक्या लेनचा बूलियन व्हेक्टर’. एलएलव्हीएम या कंपायलर संचात हे एका बिटाच्या पूर्णांकांचा व्हेक्टर या रूपात आहे, जीसीसी कंपायलरमध्ये व्हेक्टर बूलियन प्रकार आहे आणि त्याचा मशीन मोड टार्गेट स्वतः सांगतो. स्वतःचा आयआर लिहीत असाल तर मास्कवर चालणाऱ्या क्रिया मोजक्याच ठेवा: तुलना, निवड, आणि, किंवा, एक्सॉर, नकार, ‘एकतरी खरी’, ‘सगळ्या खऱ्या’, मोजणी, पहिली खरी लेन, पहिल्या इतक्या लेन खऱ्या, बिटांत रूपांतर, बिटांतून रूपांतर, आणि मास्क लावलेले लोड-स्टोअर. यापलीकडे कोणालाही मास्कच्या आत डोकावू देऊ नका.

‘बिटांत रूपांतर’ ही क्रिया वेगळी ठेवण्याला कारण आहे. मास्क सरळ पूर्णांक म्हणून पाहायची मुभा दिली की लेन ० सर्वात खालच्या बिटात आहे असे सगळीकडे गृहीत धरले जाते. बिग-एंडियन (वरचा बाइट आधी ठेवणाऱ्या) टार्गेटवर एलएलव्हीएममधला बिटकास्ट (तेच बिट दुसऱ्या प्रकाराचे समजणे) लेन ० ला सर्वात वरच्या बिटात टाकतो. ‘पहिली खरी लेन’ काढायला कोणी मागचे शून्य बिट मोजले, तर तिथे शेवटची खरी लेन मिळते.

‘पहिली खरी लेन’ या क्रियेचे उत्तर, एकही लेन खरी नसताना काय येईल, हेही आत्ताच लिहून ठेवा. ‘लेनची संख्या’ हे उत्तर सर्वात सोयीचे. प्रत्येक टार्गेट ते कसे देतो हे पुढे पायरी ५ मध्ये येईल.

एक बारीक गोष्ट पॉयझन मूल्यांची (ज्यांचा वापर झाला तर निकालाची खात्री नसते, अशा मूल्यांची). दोन अटी ‘आणि’ने जोडताना पहिली खोटी असेल तर दुसरी मूळ प्रोग्रॅममध्ये काढलीच जात नाही. दुसऱ्या अटीत पॉयझन येऊ शकत असेल तर साधा ‘आणि’ ते पुढे पसरवतो. अशा वेळी ‘पहिली खरी तर दुसरी, नाहीतर खोटे’ अशी निवड लिहा. मशीन कोडमध्ये ती शेवटी ‘आणि’च होते, पण मधल्या पासेसना (कोडवरून फिरून तो बदलणाऱ्या टप्प्यांना) चुकीचा अर्थ लावायला वाव राहत नाही.

पायरी २: तुलना

इथे प्रत्येक टार्गेटला काहीतरी कमी असते.

एसएसई-२ मध्ये पूर्णांकांसाठी ‘समान’ आणि साइन्ड ‘मोठे’ एवढेच आहे, तेही ८, १६ आणि ३२ बिटांसाठी. ६४ बिटांचे ‘समान’ एसएसई ४.१ मध्ये आले, ६४ बिटांचे ‘मोठे’ ४.२ मध्ये. अनसाइन्ड तुलना एव्हीएक्स-२ पर्यंत नाहीच. आपल्या उदाहरणात दोन मार्ग आहेत:

- दोन्ही बाजूंचा सर्वात वरचा बिट एक्सॉरने उलटा करा आणि साइन्ड ‘मोठे’ वापरा. ‘सीमा’ लूपमध्ये बदलत नाही, म्हणून तिचा एक्सॉर लूपबाहेर काढता येतो. आत एकच जादा इन्स्ट्रक्शन राहते.
- ‘मोठे किंवा समान’ हवे असेल तर अनसाइन्ड कमाल काढून ती पहिल्या बाजूशी समान आहे का ते तपासा. ८ बिटांची अनसाइन्ड कमाल एसएसई-२ मध्ये आहे, ३२ बिटांची एसएसई ४.१ मध्ये.

एव्हीएक्स-५१२ मध्ये साइन्ड-अनसाइन्ड दोन्ही आहेत आणि आठ प्रकारच्या तुलना एका इमिजिएटने (इन्स्ट्रक्शनमध्येच लिहिलेल्या आकड्याने) निवडता येतात. निऑनमध्ये अनसाइन्ड ‘मोठे’ आहे पण ‘असमान’ नाही. रिस्क-फाइव्हमध्ये दोन व्हेक्टरमधले ‘मोठे’ नाही. बाजू अदलाबदल करून ‘लहान’ वापरायचे.

स्थिरांकाशी तुलना करताना ‘क्ष ≥ स’ चे ‘क्ष > स−१’ करायचा मोह होतो. ‘स’ हा त्या प्रकारातला सर्वात लहान आकडा असेल तर स−१ उलटून सर्वात मोठा होतो, आणि नेहमी खरी असलेली अट नेहमी खोटी ठरते. ही तपासणी पीपहोलमध्येच (शेजारशेजारच्या इन्स्ट्रक्शन सुधारणाऱ्या टप्प्यात) घाला.

फ्लोटिंग पॉइंटमध्ये नकार अंधपणे तुलनेत मुरवू नका. ‘लहान नाही’ आणि ‘मोठे किंवा समान’ या दोन गोष्टी नॅन (‘आकडा नाही’ हे मूल्य) आल्यावर वेगळ्या होतात: पहिली खरी, दुसरी खोटी. एव्हीएक्समध्ये ३२ प्रकारच्या तुलना असल्यामुळे दोन्ही थेट मिळतात. निऑनमध्ये फक्त ऑर्डर्ड (नॅन असेल तर खोट्या ठरणाऱ्या) तुलना आहेत, म्हणून अनऑर्डर्ड रूप हवे असेल तर उलट तुलना करून मास्कचा नकार घ्यावा लागतो.

पायरी ३: निवड

एसएसई-२ वर निवड म्हणजे ‘आणि’, ‘नकार-आणि’, ‘किंवा’ अशा तीन इन्स्ट्रक्शन. एसएसई ४.१ मध्ये ब्लेंड (मास्कनुसार निवड करणारे इन्स्ट्रक्शन) आला, पण जुन्या एन्कोडिंगमध्ये त्याचा मास्क गुपचूप एक्सएमएम-० मध्येच लागतो. रजिस्टर ॲलोकेटरला (कोणते मूल्य कोणत्या रजिस्टरमध्ये हे ठरवणाऱ्या भागाला) हे आधीच सांगितले नाही तर कॉपींची रांग लागते. एव्हीएक्सच्या चार ऑपरंडच्या रूपात ही अट गेली.

ब्लेंडची खरी खोच वेगळी आहे. ब्लेंडव्हीपीएस प्रत्येक ३२-बिट लेनचा फक्त वरचा बिट पाहतो, पीब्लेंडव्हीबी प्रत्येक बाइटचा वरचा बिट पाहतो, आणि तीन इन्स्ट्रक्शनचा मार्ग सगळे बिट पाहतो. ‘क्ष < ०’ हा मास्क हवा असेल तर तुलना गाळून थेट क्ष हाच ब्लेंडव्हीपीएसला देता येतो, आणि हे उत्तम ऑप्टिमायझेशन आहे. पण ते केल्यानंतर कोणी पासने त्या ब्लेंडचे पीब्लेंडव्हीबी केले, किंवा मास्क तीन इन्स्ट्रक्शनच्या मार्गाने नेला, तर निकाल कचरा. मास्क ‘पूर्ण लेन भरलेला’ आहे की ‘फक्त वरचा बिट खात्रीचा’ आहे, हे आयआरच्या नोडवर लिहिलेले असायला हवे. एलएलव्हीएमने प्रत्येक टार्गेटसाठी बूलियनचा आशय घोषित करायला लावला आहे (शून्य किंवा एक, शून्य किंवा वजा एक, की बाकीचे बिट अनिश्चित), तो याच कारणासाठी.

निऑनवर निवडीला बीएसएल, बीआयटी आणि बीआयएफ अशी तीन रूपे आहेत. तिन्हींचा अर्थ एकच, फरक कोणता ऑपरंड पुसला जातो याचा. बीएसएल मास्कवर लिहितो, बाकीचे दोन डेटावर. कोणता ऑपरंड पुढे लागणार नाही हे रजिस्टर ठरल्यावरच कळते, म्हणून तोवर एक आभासी इन्स्ट्रक्शन ठेवून शेवटी विस्तार करणे हाच शहाणा मार्ग. एलएलव्हीएम हेच करते.

एव्हीएक्स-५१२, एसव्हीई आणि रिस्क-फाइव्हवर निवड आधीच्या क्रियेत विरघळवता येते: ‘मास्क खरा तर अ+ब, नाहीतर अ’ हे एकच मास्क लावलेले बेरजेचे इन्स्ट्रक्शन. बेरजेचा दुसरा कोणी वापरकर्ता नसेल तरच हे करा, नाहीतर बेरीज दोनदा होते. एव्हीएक्स-५१२ वर खोट्या लेनमध्ये काय आहे याची पर्वा नसेल तर शून्य भरणारे रूप निवडा. जुने मूल्य राखणारे रूप डेस्टिनेशनच्या जुन्या मूल्यावर विनाकारण अवलंबित्व निर्माण करते.

रिस्क-फाइव्हवर मास्कबाहेरच्या लेनचे धोरण व्हीसेट इन्स्ट्रक्शनमध्ये ठरते: ‘जसेच्या तसे’ किंवा ‘काहीही चालेल’. ‘काहीही चालेल’ म्हटल्यावर हार्डवेअर जुने मूल्य राखू शकते किंवा सगळे बिट १ भरू शकते. जुने मूल्य राखणाऱ्या चिपवर चुकीचे धोरणही वर्षभर बिनबोभाट चालते आणि दुसऱ्या चिपवर पहिल्याच दिवशी फुटते.

पायरी ४: नकार आणि न वापरलेले बिट

नकार शक्यतो जन्माला घालूच नका. तो निवडीत असेल तर दोन डेटा ऑपरंड अदलाबदल करा, पूर्णांक तुलनेवर असेल तर तुलना उलटी करा, ‘आणि’मध्ये असेल तर ‘नकार-आणि’ वापरा.

एव्हीएक्स-५१२ वर तर हा शुद्धतेचा प्रश्न होतो. चार लेनचा मास्क के रजिस्टरच्या खालच्या चार बिटांत बसतो आणि तुलना वरचे बिट शून्य करते. मग नकार करणारा १६ बिटांचा केनॉट येतो आणि वरचे बारा बिट १ होतात. पुढे मास्क लावलेल्या इन्स्ट्रक्शनला फरक पडत नाही, ते चारच बिट पाहते. पण केऑरटेस्टने ‘एकतरी खरी का’ विचारले तर उत्तर नेहमी ‘हो’, आणि मोजणी केली तर तीही बाराने फुगलेली. उपाय दोन: उलट तुलना वापरणे, किंवा नकारानंतर खालचे चार बिट सोडून बाकी पुसणे. दर वेळी पुसण्याऐवजी ‘वरचे बिट शून्य असल्याची खात्री आहे’ अशी खूण मास्कसोबत वाहवा आणि स्केलरमध्ये (एकेरी आकड्यात) जातानाच तपासा.

रिस्क-फाइव्हवर याचाच भाऊबंद आहे. मास्क तयार करणाऱ्या इन्स्ट्रक्शन व्हीएलच्या (चालू लेनसंख्येच्या) पलीकडचे बिट नेहमी ‘काहीही चालेल’ या धोरणाने लिहितात. खऱ्या लेन मोजणारा व्हीसीपॉप आणि पहिली खरी लेन शोधणारा व्हीफर्स्ट व्हीएलपर्यंतच पाहतात, म्हणून ते सुरक्षित. पण मास्कचे बिट थेट स्केलर रजिस्टरमध्ये आणले तर वरचा कचरा आपल्यालाच पुसावा लागतो.

पायरी ५: मास्कवरून स्केलर उत्तर

एक्स८६ वर मूव्हमास्क कुटुंब (प्रत्येक लेनचा वरचा बिट स्केलर रजिस्टरमध्ये आणणारे) आहे: ८, ३२ आणि ६४ बिटांच्या लेनसाठी. १६ बिटांसाठी नाही. तिथे साइन्ड सॅच्युरेशनच्या पॅकने (न मावणारा आकडा टोकाला थांबवत लेन अरुंद करणाऱ्या इन्स्ट्रक्शनने) ८ बिटांवर आणा, किंवा पीमूव्हमास्कबी तसाच वापरून प्रत्येक लेनचे दोन बिट स्वीकारा आणि मोजणी वा स्थान दोनने भागा. फक्त ब्रँचसाठी उत्तर हवे असेल तर दुसरा मार्ग सरस.

‘पहिली खरी’साठी मागची शून्ये मोजणारे ३२-बिट टीझेडसीएनटी वापरताना आठ लेनचा मास्क रिकामा असेल तर उत्तर ३२ येते, ८ नाही. मोजण्यापूर्वी नववा बिट ‘किंवा’ने चढवा, रिकाम्या मास्कला आपोआप ८ मिळते, ब्रँच नको. रिस्क-फाइव्हवर व्हीफर्स्ट रिकाम्या मास्कला −१ देतो. त्याची लेनसंख्येशी अनसाइन्ड किमान घेतली की काम झाले, कारण अनसाइन्ड नजरेने −१ हा सर्वात मोठा आकडा.

निऑनवर मूव्हमास्क नाही आणि त्याची नक्कल महाग पडते. ‘एकतरी’साठी लेनमधली अनसाइन्ड कमाल, ‘सगळ्या’साठी किमान घ्या. स्थान हवे असेल तर १६ बाइटचा मास्क आठ १६-बिट लेन समजून एसएचआरएनने ४ बिट उजवीकडे सरकवत अरुंद करा. ६४ बिटांत प्रत्येक बाइटमागे चार बिट मिळतात. ते स्केलर रजिस्टरमध्ये आणा, बिट उलटे लावा, पुढची शून्ये मोजा आणि चारने भागा. रिकाम्या मास्कला ६४ भागिले ४, म्हणजे १६, हे हवे तेच उत्तर येते. खरे १६ सलग बिटच हवे असतील तर १, २, ४ ते १२८ अशा घातांशी ‘आणि’ करून दोन्ही अर्ध्यांची वेगवेगळी बेरीज घ्यावी लागते. म्हणून मधल्या पासने उगाच ‘बिटांत रूपांतर’ पेरलेले असेल तर आर्मवर त्याची किंमत मोजावी लागते.

एसव्हीईवर पूर्णांक तुलना स्वतःच फ्लॅग लावते, त्यामुळे पुढचा पीटेस्ट (प्रेडिकेट तपासून फ्लॅग लावणारे इन्स्ट्रक्शन) बहुधा गाळता येतो. मात्र तुलनेचे नियंत्रक प्रेडिकेट आणि पीटेस्टचे प्रेडिकेट, तसेच घटकाची रुंदी, जुळते आहे का हे तपासल्याशिवाय गाळू नका. बाइट रुंदीचे ‘सगळे खरे’ आणि ३२-बिट रुंदीचे ‘सगळे खरे’ हे वेगळे बिट आहेत. ‘शेवटची लेन’चा फ्लॅग त्यामुळे बदलतो.

फक्त मोजणी जमवायची असेल तर पूर्ण-लेन घराण्यात स्केलरमध्ये जाऊच नका. खरी लेन म्हणजे −१, म्हणून मास्क संचयकातून वजा करा. प्रत्येक खऱ्या लेनला एक मिळतो. ८-बिट लेनमध्ये हा संचयक २५५ फेऱ्यांनंतर भरतो, त्याआधी रुंद संचयकात रिकामा करा.

पायरी ६: रुंदी बदलणे

आता मूळ उदाहरणातली गाठ. १६ कीची एकदम तुलना केली, १६ बाइटचा मास्क मिळाला, आणि निवड करायची चार-चार लेनच्या चार ३२-बिट व्हेक्टरवर.

एव्हीएक्स-५१२ वर १६ बिटांचा मास्क ५१२-बिट व्हेक्टरच्या १६ लेनना जसाच्या तसा लागतो, काम शून्य. रिस्क-फाइव्हवरही तसेच: ८-बिट घटक एका रजिस्टरमध्ये आणि ३२-बिट घटक चार रजिस्टरांच्या गटात घेतले की लेनसंख्या जुळते. एसव्हीईवर प्रेडिकेट दोनदा उलगडावे लागते, पण त्याहून चांगला उपाय म्हणजे बाइट लोड करतानाच ३२-बिट लेनमध्ये पसरवणारे लोड वापरणे, म्हणजे मास्क थेट योग्य रुंदीचाच जन्मतो.

एसएसई ४.१ वर साइन विस्तार चारदा करा. एसएसई-२ वर विस्तार नाही, पण मास्कचे बाइट ० किंवा २५५ असल्याने स्वतःशीच अनपॅक केले की तेच घडते: बाइट दुप्पट, मग १६-बिट शब्द दुप्पट. दुसरा पर्याय म्हणजे तुलनेआधी डेटाच शून्य विस्ताराने रुंद करणे. मग चार तुलना लागतात, पण अनसाइन्ड प्रश्न सुटतो, कारण रुंद झालेला बाइट साइन्ड नजरेनेही धनच राहतो. डेटा मेमरीतून येत असेल आणि विस्तार लोडमध्ये मिसळत असेल तर हा मार्गही चांगला. कॉस्ट मॉडेलमध्ये दोन्ही मोजा.

उलट दिशेने, मास्क अरुंद करताना साइन्ड सॅच्युरेशनचाच पॅक घ्या. अनसाइन्ड सॅच्युरेशनचा पॅक −१ ला ऋण आकडा समजून ० करतो आणि अख्खा मास्क खोटा होतो. एव्हीएक्स-२ वर पॅक १२८ बिटांच्या दोन अर्ध्यांत स्वतंत्र चालतो, त्यामुळे लेनचा क्रम गुंफला जातो. नंतर ६४-बिट तुकड्यांची फेररचना लागते. फक्त ‘एकतरी खरी का’ विचारायचे असेल तर क्रम बिनमहत्त्वाचा, फेररचना गाळा.

एलएलव्हीएमसारख्या रचनेत एक लपलेला खर्च आहे. लीगलायझेशन (प्रोसेसरला न झेपणारे प्रकार झेपणाऱ्यांत बदलणे) एका बेसिक ब्लॉकपुरते, म्हणजे मध्ये ब्रँच नसलेल्या सलग तुकड्यापुरते, पाहते. आठ लेनचा मास्क एका ब्लॉकमध्ये तयार होऊन दुसऱ्यात वापरला गेला, तर एव्हीएक्स-२ वर सीमेवरून जाताना तो १६-बिट लेनमध्ये साठवला जातो, कारण आठ लेन १२८ बिटांत तशाच बसतात. ३२-बिट तुलना आणि ३२-बिट निवड यांच्या मधोमध विनाकारण एक पॅक आणि एक विस्तार येतो. उपाय: तुलना स्वस्त असेल तर ती वापराच्या ब्लॉकमध्ये पुन्हा करा, किंवा मास्क आधीच साइन विस्ताराने ३२-बिट व्हेक्टर करून सीमेपलीकडे न्या.

पायरी ७: मेमरी

इथली चूक सर्वात महाग.

मास्क लावलेले स्टोअर टार्गेटवर नसेल तर ‘जुने लोड करा, ब्लेंड करा, पूर्ण परत लिहा’ असे करू नका. मूळ प्रोग्रॅमने ज्या लेनना हात लावला नसता त्यांत आपण जुने मूल्य परत लिहितो. तेवढ्यात दुसऱ्या थ्रेडने तिथे लिहिले असेल तर त्याचे लिखाण नाहीसे होते. पान फक्त वाचनाचे असेल तर प्रोग्रॅम कोसळतो. एकच थ्रेड आणि लिहिण्याजोगी मेमरी हे सिद्ध करता आले तरच हा मार्ग खुला, आणि ते क्वचितच सिद्ध होते. नाहीतर लेनमागे एक बिट तपासून ब्रँच आणि स्केलर स्टोअर.

लोडच्या बाबतीत थोडी मोकळीक आहे. पूर्ण लोड करून ब्लेंड करणे चालते, जर सगळा पट्टा वाचण्याजोगा असल्याची खात्री असेल. १६ बाइटवर जुळलेला १६ बाइटचा लोड पानाची सीमा कधीच ओलांडत नाही, म्हणून त्यातला एक बाइट वैध असेल तर हार्डवेअरच्या दृष्टीने बाकीचेही वाचता येतात.

एव्हीएक्स आणि एव्हीएक्स-२ ची मास्क लोड-स्टोअर ३२ आणि ६४ बिटांनाच आहेत. ८ आणि १६ बिटांसाठी एव्हीएक्स-५१२ चा बीडब्ल्यू लागतो. एसएसई-२ मधला बाइट मास्कचा स्टोअर दिसायला सोयीचा आहे, पण तो कॅश टाळून लिहितो. साध्या लूपमध्ये तो वापरू नका.

मेमरीसारखाच धोका पूर्णांक भागाकाराचा. अट ‘भाजक शून्य नाही’ अशी असेल आणि भागाकार सगळ्या लेनवर केला, तर एक्स८६ वर तो शेवटी स्केलर होतो आणि शून्यावर ट्रॅप देतो. आर्म शून्य देतो, रिस्क-फाइव्ह सगळे बिट १ देतो, म्हणून तिथे चूक लपते. भागाकाराआधी खोट्या लेनमधला भाजक निवडीने १ करा.

पायरी ८: लूपचे शेपूट

एसव्हीईवर व्हाइललो, रिस्क-फाइव्हवर व्हीसेट. दोन्हींत उरलेल्या लेन हार्डवेअर मोजते. एव्हीएक्स-५१२ वर मास्क आपण तयार करतो आणि ‘१ डावीकडे न सरकवून उणे १’ हा सहज सुचणारा मार्ग न = ६४ ला फसतो: एक्स८६ शिफ्टचा आकडा ६ बिटांत कापतो, ६४ चे ० होतात आणि पूर्ण मास्कऐवजी रिकामा मास्क मिळतो. सगळे बिट १ असलेल्या आकड्यावर बीझेडएचआय (दिलेल्या जागेपासून वरचे बिट पुसणारे इन्स्ट्रक्शन) वापरा, तो ६४ ला बरोबर वागतो. मात्र तो आकड्याचे खालचे ८ बिटच पाहतो, म्हणून उरलेली संख्या आधी ६४ वर मर्यादित करा.

एव्हीएक्स-२ वर ० ते ७ या व्हेक्टरची ‘न’शी तुलना करा, किंवा आठ वेळा −१ आणि पुढे आठ वेळा ० असा तक्ता ठेवून ८−न या जागेपासून लोड घ्या.

कोणत्याही टार्गेटवर ‘क + लेन क्रमांक < एकूण’ ही तुलना लिहिताना बेरीज उलटणार नाही ना ते पाहा. ८-बिट लेनमध्ये क्रमांक २५५ ला संपतात, आणि रुंद रिस्क-फाइव्ह यंत्रात लेन त्याहून जास्त असू शकतात.

पायरी ९: रजिस्टर ॲलोकेशन

के-० ला मास्क म्हणून देण्याचे एन्कोडिंग म्हणजे ‘मास्क नाही’. तुलनेचे उत्तर किंवा तर्कक्रिया के-० मध्ये चालतात, पण नियंत्रणासाठी सातच उरतात. यासाठी दोन रजिस्टर क्लास ठेवा. एसव्हीईच्या बहुतेक डेटा इन्स्ट्रक्शनमध्ये नियंत्रक प्रेडिकेटला तीनच बिट आहेत, म्हणून पी-० ते पी-७. रिस्क-फाइव्हवर एकच व्ही-०, आणि मास्क लावलेल्या साध्या क्रियेचे डेस्टिनेशन व्ही-० वर पडता कामा नये. दोन मास्क आलटून-पालटून वापरणाऱ्या लूपमध्ये व्ही-० च्या कॉपी वाढतात. शेड्युलरने (इन्स्ट्रक्शनचा क्रम लावणाऱ्या भागाने) एका मास्कच्या क्रिया शेजारी ठेवल्या तर त्या कमी होतात.

‘सगळे खरे’ आणि शेपटाचा मास्क स्टॅकवर कधीही टाकू नका, पुन्हा तयार करा. टाकावाच लागला तर आकार लक्षात ठेवा: के रजिस्टरला जास्तीत जास्त ८ बाइट पुरतात, एसव्हीईच्या प्रेडिकेटचा आकार चालतानाच कळतो. फंक्शन कॉलच्या पलीकडे, लिनक्सच्या एक्स८६-६४ करारात एकही के रजिस्टर जपले जात नाही. एसव्हीई व्हेक्टर घेणाऱ्या-देणाऱ्या फंक्शनमध्ये पी-४ ते पी-१५ जपले जातात.

पायरी १०: तपासणी

आठ लेनला २५६ मास्क, सोळा लेनला ६५,५३६. दोन्ही संपूर्ण चालवा, यादृच्छिक नमुन्यांवर विसंबू नका. चुका रिकाम्या, पूर्ण आणि एकच शेवटची लेन खरी असलेल्या मास्कवर लपतात. खोट्या लेनमध्ये मुद्दाम सिग्नलिंग नॅन, शून्य भाजक आणि टोकाचे आकडे भरा. मेमरीसाठी दोन लागोपाठची पाने घ्या, दुसरे वाचन-लेखनाला बंद ठेवा, आणि ॲरे पहिल्याच्या शेवटच्या बाइटला संपवा. स्टोअरसाठी दुसरा थ्रेड खोट्या लेनवर सतत लिहीत ठेवा आणि त्याचे प्रत्येक लिखाण टिकले का ते मोजा.

एसव्हीई आणि रिस्क-फाइव्हचा कोड क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) किमान तीन रुंदींवर चालवा: १२८, २५६ आणि ५१२. रिस्क-फाइव्हसाठी तिथे ‘काहीही चालेल’ लेनमध्ये सगळे बिट १ भरण्याचे दोन पर्याय आहेत, एक शेपटाच्या लेनसाठी आणि एक मास्कबाहेरच्या लेनसाठी. दोन्ही चालू करून सगळ्या चाचण्या पुन्हा घ्या आणि पडलेल्या प्रत्येक चाचणीत आधी व्हीसेटचे धोरण तपासा.